एका हाताची ओंजळ

नाना, यंदा तुमचं तर्पण माझ्याकडे आलं. मी मागून घेतलं नाही, आपसूक आलं. दादाच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, तलावाच्या पायऱ्या उतरणं त्याला आता होत नाही, आणि दिवाळीनंतर तो नि वहिनी मुलाकडे बंगळुरूला जायचेत ते कायमचेच. इतकी वर्षं पुतण्याने काकाला पाणी दिलं, एकदाही चुकवलं नाही. तुमच्या पाठांतराच्या परीक्षेत नेहमी नापास व्हायचा तोच हा पुतण्या. गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी त्याने ताम्हन, पळी नि दर्भाची जुडी एका कापडी पिशवीत घालून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "घे बाई. आता तुझा बाप तू बघ." गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणजे आता तिशीतला मुलगा, मोटरसायकलवर येतो, अर्धे मंत्र पाठ आणि अर्धे मोबाइलवर. "करतात की ताई आजकाल मुली," तो म्हणाला, "शास्त्राची काही अडचण नाही." शास्त्राची अडचण नसतेच, नाना. तुम्हीच शिकवलंत, शास्त्र फार समजूतदार असतं, ते सांगणाराच्या तोंडाकडे बघून बोलतं. अडचण तुमची होती. मला नोकरी लागली तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत तुम्ही माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीत. घरात हे वाक्य कोणी कधी पुरतं उच्चारलं नाही, म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवते, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी: माझ्या वडिलांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

वाद घालायला तुमच्याकडेच शिकले, तेव्हा आधी पूर्वपक्ष मांडते, आणि तोही तुमच्या बाजूने, लबाडी न करता. मी सात-आठ वर्षांची आहे. धारची सकाळ, गल्ली अजून पुरती उठलेली नाही, आणि तुम्ही देवळामागच्या बावडीतून, त्या पायऱ्यांच्या विहिरीतून, पूजेचं पाणी घेऊन वर येताय. ओलं पंचं अंगाला चिकटलेलं, खांद्यावर तांब्याची कळशी, ओठ हलताहेत. तुम्हाला कोणी शिवायचं नाही, आणि कोणी शिवू नये हे बघणं माझं काम. मी चार पावलं पुढे, छाती काढून, "सोवळं येतंय, सोवळं! बाजूला व्हा!" गल्लीतली माळवी मंडळी हसायची. "लो, पंडतजी को भोंगो आई ग्यो," म्हणत सायकली भिंतीला टेकवायची, ओट्यावर पाय वर घ्यायची. सगळे बाजूला व्हायचे, गाय तेवढी व्हायची नाही. मग तुम्ही गाईला वळसा घालायचात. माणसांना ललकारी आणि गाईला वळसा, ह्यात काही विसंगती आहे हे तेव्हा मला वाटलं नाही. उलट वाटायचं, जगात मोठं काम एकच, तुमच्या पुढे चालणं.

घरी आलं की स्वयंपाकघरात आई वरणाला फोडणी देतेय, तुम्ही देव्हाऱ्यापाशी कळशी ठेवून सात नद्यांना तिच्यात बोलावताय, आणि मी तुमच्या शेजारी बसून शब्द चालवतेय. मी विचारलं होतं, "नाना, सात नद्या एवढ्याशा कळशीत मावतात कशा?" तुम्ही म्हणालात, "बोलावल्यावर येतात. न बोलावता येतात ते पाहुणे." आई खो खो हसली होती, कारण त्या आठवड्यात तुमची आत्या येऊन राहिली होती. शाळेत तुम्ही मला मुलांच्या बरोबरीने संस्कृत शिकवलंत, मुलांच्या आधी प्रश्न विचारलेत, आणि चिडवायला "पंडिताबाई" म्हणायला लागलात. तो मला मिळालेला सगळ्यात मोठा दागिना. मग एक दिवस आईने मला मागच्या खोलीत बसवलं आणि भोंगा बंद झाला. पुढच्या महिन्यात बाकीच्या दिवशी तरी जावं म्हणून मी दाराशी उभी राहिले, तर तुम्ही म्हणालात, "आता नको, मोठी झालीस." मोठं झाल्यावर काम काढून घेतात हे मला तेव्हा नवीन होतं. पूर्वपक्ष समाप्त.

आता देवास. नोटा छापणारं गाव, आणि ह्याच गावाला एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेच्या वाघिणींतून आणावं लागलेलं. कारखान्यांनी जमिनीतलं पाणी खोल खोल जाऊन उपसलं आणि वापरलेलं पाणी नाल्यात सोडून दिलं. मी रसायनशास्त्र घेतलं, तुम्ही नाराज झालात, पण तेवढ्यावर निभावलं. देवासच्या त्या छोट्या संस्थेत मला काम मिळालं ते ह्या नाल्याच्या पाण्याचं. ते पाणी वाया घालवायचं नाही, विजेची भलीमोठी यंत्रंही बसवायची नाहीत. खडीचे लांब वाफे करायचे, त्यांत कर्दळ नि पाणकणीस लावायची, आणि घाण पाणी खडीच्या पोटातून सावकाश चालत न्यायचं. पलीकडे जे निघेल ते बागेला, कारखान्याला, धुण्यापुसण्याला परत वापरायचं. मी ठरलेल्या वेळी नाल्यात उतरून बाटल्या भरायची, बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत आणायची. ह्या कामात घाई चालत नाही. पाणी खडीत कमी थांबलं तर घाण तशीच बाहेर येते, जास्त थांबलं तर कुजतं. तुमच्या वर्गासारखंच, पोराला किती वेळ उभं करायचं हे मास्तराला कळलं पाहिजे.

पहिल्यांदा सुट्टीला आले ती थेट नाल्यावरून, इंदूरला बस बदलून. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात, पोथी उघडी.

"कुठून आलीस?"

"देवासहून."

"देवासात कुठून?"

"नाल्यावरून. आज बाटल्या भरायचा दिवस होता."

"मागच्या दाराने ये. आधी न्हाणीत जा."

गेले. डोक्यावरून न्हाले, धुतलेली साडी नेसले, आणि लहानपणापासूनच्या सवयीने फुलपात्र भरून तुमच्यापुढे धरलं. तुम्ही मान वर केली नाहीत. "ठेव. आई देईल." आईने ते पाणी मोरीत ओतलं, तुळशीतसुद्धा नाही, फुलपात्र घासलं, पुन्हा भरलं, आणि तुम्ही ते प्यालात. मी उभीच होते.

"नाना, मी न्हालेय."

"दिसतंय."

"मग?"

"आंघोळीने अंग धुतलं जातं, बाळ. धंदा नाही."

इतकं नेमकं वाक्य तुम्ही संस्कृतातही कधी केलं नसेल. त्यात राग नव्हता हे जास्त वाईट. ह्या एका वाक्यापायी ह्या देशात माणसांच्या किती पिढ्या वेशीबाहेर उभ्या राहिल्या, हे मला त्या दुपारी फुलपात्राएवढं कळलं. त्यांना ते जन्मभर कळत आलंय. माझी तक्रार त्यापुढे काहीच नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तरीही तक्रार आहे. आई रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "मनावर घेऊ नको गं. त्यांचा स्वभाव." स्वभाव ह्या शब्दाखाली आमच्या घरात काय काय झाकलं जायचं! मोठी झाकणी होती ती. पुढे माझ्यासाठी स्थळं येईनात, तेव्हाही तुम्ही एवढंच म्हणालात, "कोण करील? आपणही केली नसती." आपणही! तुमच्या सत्यनिष्ठेला माझा साष्टांग नमस्कार, नाना, पण अधूनमधून थोडं खोटं बोलायला काय हरकत होती?

तुम्ही नुसते कर्मठ असतात तर बरं झालं असतं. मी तुमच्यावर एकदा रागावून मोकळी झाले असते. पण तुम्ही एका नवरात्रात टेकडीवर देवीच्या दर्शनाला देवासला आलात, आणि उतरल्यावर आपण होऊन म्हणालात, "चल, दाखव तुझं ते." धोतर घोट्यावर उचलून तुम्ही वाफ्यांच्या बांधावरून चालताय, मागे मी, आणि मागे आमचा माळवी कामगार, जो पाण्याच्या चाव्या सांभाळायचा आणि पाहुणे आले की मोठ्याने बोलायचा.

"पाणी आहे कुठे? दिसत नाही."

"खडीच्या आत आहे. वर आलं तर डास होतात."

"म्हणजे ह्या कर्दळीचे पाय नरकात आणि डोकं उन्हात. आणि मळ? तो जातो कुठे?"

"जात नाही, नाना. खाल्ला जातो. मुळांशी, खडीवर जंतू वाढतात, ते खातात."

"मग त्यांचा मळ?"

"तो कर्दळ खाते."

"आणि कर्दळ?"

"कापून खत करतो."

तुम्ही थांबलात. "म्हणजे नाश कशाचाच नाही. नुसतं रूप बदलत नेलंय." मी हो म्हटलं, तेही दोनदा, कारण भोपाळहून आलेल्या समितीतल्या एका माणसानेही हे विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, योजना संपल्यावर ही खडी कोणाच्या खात्यात जमा होणार. शेवटच्या टाकीशी मी काचेच्या बरणीत पाणी भरून तुम्हाला दाखवलं. तुम्ही ते हातात घेतलं नाहीत, पण मला बरणी उन्हाकडे धरायला सांगितलीत, वाकून, डोळे बारीक करून पाहिलंत, विद्यार्थ्याची वही तपासावी तसं. म्हणालात, "स्वच्छ आहे." मी पुढचा शब्द येईल म्हणून थांबले. तो आला नाही. मग तुम्ही चिखलाने भरलेले पाय धुवायला फाटकाजवळच्या नळाकडे निघालात, एक पाय उचललासुद्धा, तोच मागून ओरडा आला, "ओ बाबूजी! उस नल पे मत जाव! वो भी अपना ई पानी हे!"

तुम्ही तसेच एका पायावर. आणि मग हसलात, पोट धरून हसलात. "वा पंडिताबाई! चारी वाटा अडवल्यात की!" आणि तसेच, चिखलाच्या पायांनी, टेम्पोत बसून बसस्टँडवर गेलात. सगळा टेम्पो तुमच्या पायांकडे बघत होता. त्या पायांवर माझा अजून जीव आहे. पण पाय धुतले नाहीत ते नाहीतच. पुढे त्या वाफ्यांचं काय झालं तेही ऐका: योजना संपली, फाटकाचं कुलूप कोणीतरी नेलं, म्हशी आत शिरल्या आणि कर्दळ मुळापर्यंत चरून गेल्या. अहवाल तेवढा राहिला. अहवाल म्हशी खात नाहीत.

वाफे अजून चालू होते तेव्हाची गोष्ट, तुम्ही येऊन गेलात त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आपल्या गल्लीत जुलाबाची साथ होती, म्हणून मी बावडीचं पाणी बाटलीत भरून देवासला नेलं. तुमच्या बावडीचं, सात नद्यांच्या निवासस्थानाचं. तिच्यात गल्लीतल्या संडासांचे जंतू निघाले. माझ्या नाल्याचं पाणी वाफ्यांतून बाहेर पडताना जितकं खराब असायचं, त्याहून कितीतरी खराब. मी मुद्दाम आले, तुमच्यासमोर बसले, सगळं समजावलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत.

"तू बाटलीतलं पाणी तपासलंस," तुम्ही म्हणालात. "मी कळशीतलं वापरतो. त्यावर मंत्र झालेला असतो."

"मग तोच मंत्र माझ्या टाकीवर म्हणा ना. नद्या बोलावल्यावर येतात, तुम्हीच सांगितलंत. देवासला यायला त्यांना कोणी मनाई केलीय?"

तुमच्याशी घातलेल्या वादांत मी जिंकलेला हा एकच, आणि जिंकून मी काय मिळवलं? तुम्ही पोथी बांधलीत, उठलात आणि त्या संध्याकाळी जेवला नाहीत. आईने पुढे फोनवर हळूच सांगितलं, "अगं, तेव्हापासून प्यायला नळाचं पाणी उकळून घेतात. बावडीचं फक्त देवाला. देवाला काय जुलाब व्हायचेत?" मी फोन ठेवून आधी हसले. मग माझ्या लक्षात आलं. माझा निष्कर्ष तुम्हाला मान्य होता. माझा हात अमान्य होता. म्हणजे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. तुम्हाला कळत होतं, नाना, आणि तुम्ही तरीही. हे मी इतक्या वर्षांत कोणत्याच खडीतून गाळून काढू शकले नाही.

आई गेली, मग तुम्ही अंथरूण धरलंत. वहिनी तुमचं सगळं करायची, मी शनिवार-रविवारी यायची. त्या दिवशी वहिनी नालछ्याला मुंजीला गेली होती, दादा कामावर, आणि घरात आपण दोघंच. उन्हाळ्याची दुपार. तुमचे ओठ वाळून त्यांना भेगा पडल्या होत्या. मी उकळून गार केलेलं पाणी चमच्यात घेऊन तोंडाशी नेलं. तुम्ही मान फिरवलीत.

"नाना, थोडं. ओठ बघा किती सुकलेत."

"वहिनी येऊ दे."

"तिला उशीर होईल. मांडूच्या रस्त्याच्या बसचं काही खरं नसतं."

"येऊ दे."

मी चमचा धरून बसले. हात भरून आला की चमचा वाटीत ठेवायची आणि पुन्हा उचलायची. तुम्ही डोळे मिटून घेतले होते, पण जागे होतात, कारण घशाची घाटी मधून मधून कोरडीच हलायची. ऊन खिडकीतून सरकत पलंगापर्यंत आलं. मग वहिनी आली, घामाघूम, बसच्या दांड्याला धरून उभ्याने आलेली. पदराने कपाळ पुसत तिने माझ्या हातातली वाटी घेतली, आणि तुम्ही तोंड उघडलंत. सगळं प्यालात. आणखी मागितलंत. तिने हातसुद्धा धुतले नव्हते, नाना. त्यासाठी मला सूक्ष्मदर्शक लागला नाही, मी शेजारीच उभी होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही गेलात. शेवटचं पाणी दादाने घातलं, सीलबंद गडूतल्या गंगेचं. त्या गडूतलं पाणी मी तपासलं नाही. काही बाबतीत रसायनशास्त्रानेही पदर सावरून बसावं.

आता ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तुमचे विद्यार्थी निवृत्त होऊ लागलेत, आणि आपल्या गल्लीतली नवी पोरं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. नाना म्हणजे त्यांना आईचे वडील वाटतात. देवासचे वाफे म्हशींनी खाल्ले तरी मी ते काम सोडलं नाही. धारच्या तलावात गावाचा नाला मिळतो तिथे असेच वाफे करायचं ठरलं, तेव्हा घाटावर सभा झाली. अर्धं गाव जमलं. आपल्याकडचे लोकही होते, सोवळ्यातले, तुमच्या पंगतीतले. एक जण गरजला, "गटर का पानी तलाव में नी आने देंगे!" टाळ्या पडल्या. मी हात करून दाखवलं. दहा पावलांवर तो नाला तलावात पडत होता, काळा, फेसाळ, पिढ्यान् पिढ्या. "वो तो नाला हे मैडम," तो म्हणाला, "वो तो पेले से आ रिया हे." पुन्हा टाळ्या. म्हणजे घाण येऊ द्यायला कोणाची ना नव्हती. ती धुऊन येणार, आणि धुणारीचं तोंड समोर दिसणार, ह्याला हरकत होती. मला तुमची इतकी आठवण आली त्या क्षणी की मी भाषण अर्ध्यात सोडून खाली बसले.

शेवटी आम्ही काय केलं असेल? पाटी बदलली. वाफ्यांना बगीचा म्हटलं. फरशा बसवल्या, दोन बाकं ठेवली, लाल नि पिवळी कर्दळ फुलली, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते सहकुटुंब फोटो काढायला येऊ लागले. "भिया, क्या गार्डन बनाया हे!" गार्डनच्या पोटातून गावाचं सांडपाणी चालतंय आणि पलीकडे तलावात उतरतंय, हे कोणी विचारत नाही, मी सांगत नाही. तलाव हळूहळू निवळला. पायऱ्यांवरचं शेवाळ दिसू लागलं, मग मासे. मी स्वतः घाटावर एक पाटी लावून घेतली: पाणी पिऊ नये, निर्माल्य, पिंड, कागद टाकू नयेत. आणि पितृपक्षात आपली सगळी गल्ली पुन्हा तिथे तर्पणाला उभी राहू लागली. कोणाचे आजोबा, कोणाचे पणजोबा, धार संस्थानच्या दरबारात मोठमोठ्या हुद्द्यांवर राहिलेले, कोणाच्या सावलीला न उभे राहिलेले. सगळे दरवर्षी माझ्या वाफ्यांतलं पाणी पितात.

म्हणून, खरं सांगते, दादाने ती पिशवी माझ्यापुढे ठेवली तेव्हा मला आनंद झाला, आणि तो चांगला आनंद नव्हता. ह्या अमावास्येला मी पायरीवर उभी राहणार, माझ्या नाल्याचं पाणी माझ्या हातात घेणार, आणि तुमचं नाव घेऊन सोडणार. तुम्हाला मान फिरवता येणार नाही. वहिनी येऊ दे म्हणता येणार नाही. मी पूर्ण पंधरवडा हे वाक्य मनात घोळवलं, तुमच्या समोर बसून सूत्र घोकायची तसं.

सर्वपित्रीला घाटावर गर्दी होती. वहिनी माझ्याबरोबर आली होती, वरच्या पायरीवर छत्री घेऊन उभी. गुरुजीने गोत्र विचारलं, मोबाइलवर क्रम चुकवून आधी आजोबा-पणजोबांना तलावाचं पाणी द्यायला लावलं, ते मी दिलं, काही वाटलं नाही. मग तो म्हणाला, "आता वडिलांना, ताई." मी पाण्याकडे वाकले. आणि मग सरळ झाले, पिशवीत हात घातला आणि तुमचा तांब्या काढला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेला.

"हे काय गं?" वहिनी.

"पाणी."

"समोर तलाव भरलाय नि तू घरून पाणी घेऊन आलीस? आणि तू? तूच ना त्या तलावाची?"

"असू दे."

वहिनी इतकी वर्षं त्या घरात होती, त्या दुपारी माझ्या हातातली वाटी तिनेच घेतली होती. तिला जे कळायचं ते कळलं असावं. ओंजळीला दोन्ही हात लागतात, म्हणून ती छत्री मिटून दोन पायऱ्या उतरली आणि हात पुढे केला. "आण इकडे तांब्या. मी ओतते, तू धर."

"नको वहिनी," मी म्हटलं. "तू नको."

तांब्या डाव्या हाताने कलता केला आणि उजव्या तळव्यात पाणी घेतलं, तीळ घेतले. एका हाताची ओंजळ कितीशी होणार, निम्मं पाणी मनगटावरून गळलं. तीनदा दिलं. ते बावडीचं होतं, नाना. त्या सकाळी मी डोक्यावरून न्हाऊन, ओल्या साडीने, देवळामागच्या पायऱ्या उतरून ते भरून आणलं. बावडीत आता प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगतात. तिच्या पाण्याचा ताजा अहवाल माझ्याकडेच आहे, सुधारणा नाही, मी ते पाणी माझ्या अंगणातल्या झाडालाही घालणार नाही. पण तुम्हाला तेच चालायचं. बाकीच्यांच्या पितरांना माझं निर्मळ पाणी, आणि माझ्या बापाला माझ्या प्रयोगशाळेत नापास झालेलं. तुम्हाला चालणारं पाणी, न चालणारा हात. कुठल्याही शास्त्रार्थात असा प्रसंग आला असेल असं वाटत नाही. घेतलंत की नाही, मला कळायला मार्ग नाही, आणि पंधरवडाभर घोकलेलं ते वाक्य मला तिथे आठवलंही नाही. माझा राग कमी झाला असं मात्र समजू नका. तो तांब्यासारखाच पुन्हा घासूनपुसून ठेवलाय.

गुरुजी म्हणाला होता, मनातलं कागदावर लिहून पाण्यात सोडतात ताई काही जण, बरं वाटतं. पण कागद टाकू नयेत अशी पाटी मीच लावलीय. आणि ती नसती तरी हे लिहिलेलं पाठवलं नसतं, कारण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलंय, आणि ते तुमच्यापर्यंत पोचायला नको. बावडीतून तांब्या घेऊन गल्लीत आले, ओली, अनवाणी, पन्नाशी उलटलेली, आणि समोरून दूधवाल्याची मोटरसायकल, दोन्ही बाजूंना बरण्या, सगळी वाट व्यापून. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं खणखणीत: "सोवळं येतंय, बाजूला व्हा!" त्याला मराठी येत नाही. त्याने गाडी थांबवली. "कंई हुओ, बेनजी?"

"कुछ नी भिया," मी म्हटलं. "पानी हे."

त्याने गाडी भिंतीला लावली, बरणी आत ओढून घेतली आणि अंग चोरून उभा राहिला. मी पुढे गेले. नाना, मला बरं वाटलं.